सगळंच बियाणं तरंगलं

कालव्याकाठून, ब्रेबेस
शुक्रवारच्या नमाजानंतर

वडीलधाऱ्या वस्कद मामांना भाची रुमसिनाचा सलाम.

मामा, तुमचा गुडघा आता दुमडतो का? मामींचा खोकला गेला असेल, अशी आशा करते. (नसेल गेला तर आल्याचा काढा द्या आणि वैद्याला द्यायचे पैसे स्वतःच्या खाण्यावर घाला.) इथे आम्ही धडधाकट. बदकं तर अशी माजली आहेत की चालताना पोटं जमिनीला घासतात. तो प्रताप कसा घडला, तेच लिहायला बसले आहे.

मागच्या मंगळवारी शेतकी खात्याचे हेंडार्तोसाहेब आमच्या शेतकरी गटाला घनता शिकवायला आले. जन्मभर भात पिकवलेल्या माणसांना घनता कशाला, असं मी म्हटलं, पण मनातल्या मनात, कारण चहा मला करायचा होता. पण साहेबांचं बोलणं खोटं नव्हतं हो. त्यांनी एक लोटा साधं पाणी तोललं आणि मग त्याच लोट्याने मिठाचं. लोटा तोच, पण मिठाचं जड. तेवढ्याच जागेत जास्त माल बसला की घनता वाढली. तापवलं की पाणी फुगतं, म्हणून तेवढ्याच लोट्यात हलकं भरतं. आता साध्या पाण्यात भाताचा टच्च दाणाही बुडतो आणि अर्धवट भरलेलाही बुडतो. पाणी थोडं जड केलं की अर्धवट दाणा वर येतो आणि चोर सापडतो. किती जड करायचं? बदकाचं ताजं अंडं टाकायचं आणि त्याची पाठ पाण्यावर दिसेपर्यंत मीठ घालायचं. मग थांबायचं. इतकं सोपं काम, की अध्यक्ष नसते तर सहज पार पडलं असतं.

अध्यक्ष म्हणजे तारजोनो, सरपंचाचा मेहुणा. (पोकळ वस्तू आपोआप वर येते, हे शिकायला मला साहेबांची गरज नव्हती.) त्याने अकरा घरांनी पेरणीसाठी राखलेलं सगळं भात एकदम मागवलं. साहेब म्हणाले, आधी ओंजळभर घेऊन बघू. तर म्हणतो, "साहेब, ओंजळभराचा फोटो चांगला येत नाही."

अंडं कोणीतरी आणून दिलं. (आमच्या गावात अंड्यांना काय तोटा? घरोघर राखेत आणि विटांच्या भुकटीत खारवायला घातलेली असतात.) सिमेंटच्या टाक्यात अर्धं पोतं मीठ पडलं, अंडं तळाशी. पोतं संपलं, अंडं तळाशीच. साहेब डोकं खाजवायला लागले. तारजोनो म्हणाला, "उन्हानं पाणी तापलंय, म्हणून हलकं झालंय. तुम्हीच सांगितलंत ना मघाशी? ओता रे आणखी." दुसरं पोतं फोडल्यावर अंडं एकदाचं वर आलं. टाळ्या झाल्या, फोटो झाला. मग टोपल्या-टोपल्यांनी भात ओतलं, आणि मामा, सगळंच तरंगलं.

कासिदी आजोबांनी एक दाणा उचलून दाढेखाली धरला. म्हणाले, "अरे, दगडासारखा भरलाय हा. हा कसा वाईट?"

"आजोबा, दात जुने, शास्त्र नवं," तारजोनो म्हणाला.

"दात जुने आहेत, पण माझे आहेत. तुझं शास्त्र उसनं आहे."

लोक हसले, पण ऐकलं अध्यक्षाचंच. तरंगलेलं ते सगळं वाईट ठरलं. वाईट बी चुकून कोणी पेरू नये म्हणून तारजोनोने ते बदकांपुढे टाकायचा हुकूम सोडला. (खारट भात बदकांना बाधेल म्हणून साहेबांनी आधी दोनदा धुवायला लावलं. सरकारला जनावरांची काळजी आहे, हे लिहून ठेवा.) अर्ध्या तासात अकरा घरांचा हंगाम बदकांच्या पोटात गेला. दुपारी आजोबा भातावर घ्यायला ते अंडं सोलायला बसले, तर उकडलेलं, खारवलेलं, आत केशरी बलक, तेल सुटलेलं. महिनाभर अंगात मीठ मुरून जड झालेलं अंडं साध्या मिठाच्या पाण्याला काय भीक घालतं? ते वर येईपर्यंत मीठ ओतलं, तर टच्च दाणाही तरंगणारच. साहेब ते बघून गार पडले. तरी अहवालात त्यांनी लिहिलंच: "सदोष बियाणे शंभर टक्के ओळखण्यात यश."

सोमवारी कालव्याचं पाणी आमच्याकडे सुटतं. त्याआधी वाफ्यात बी पडलं नाही, तर यंदा अकरा घरांत विकतचा तांदूळ. तरी तुम्ही काळजी करू नका, तब्येत सांभाळा. मामींना सलाम.

तुमची भाची,
रुमसिना

ता. क. – काळजी करू नका असं लिहिलं खरं, पण थोडी करा. पत्र घेऊन येणारा गृहस्थ तारजोनोच आहे. त्याच्या मोटारसायकलला तुमच्याकडचं दोन पोती बी बांधून द्या. कापणीला परत करू.

ता. क. दुसरा – अंडं मी दिलं होतं. ताजं मिठाच्या पाण्यात भिजलं की मग ते कोण खाणार, खारवलेलं निदान कोणाच्या तरी भातावर जाईल, असा विचार केला. धुतल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. गावात चौकशी चालू आहे आणि सर्वात मोठ्या आवाजात ती मीच करते आहे. हे तुमच्या पोटात ठेवा.

ता. क. तिसरा – पाकीट मी भाताच्या पेजेने नीट चिकटवलं आहे. ते वाटेत उघडलेलं दिसलं, तर दुसरा ता. क. मी तापाच्या भरात लिहिला असं तारजोनोला सांगा. त्याच्याविषयी वर जे लिहिलं आहे, ते मात्र मी ताप नसताना लिहिलं.