निम्मी तार आणि चाळीस अंडी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. (दोन्ही हात जोडून, आणि पत्र संपेपर्यंत ते तसेच ठेवून. मग लिहितो कशानं, ते विचारू नकोस.) तुझी कंबर कशी आहे? लेक बाळंतीण होऊन दवाखान्यातून सासरी परतली, बाळ गुटगुटीत आहे, हे कळून जिवाला बरं वाटलं. बाळाचं नाक आपल्या घराण्यावर गेलं नसेल अशी आशा करतो. इकडे मी बरा आहे, तुझी भावजय बरी आहे, आणि अंडी आहेत.

शेवटचं वाक्य वाचून तू ताडकन उठून बसली असशील, तर आधी पुन्हा आडवी हो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मधेच ‘म्हणजे काय?’ म्हणतेस आणि माझी बोबडी वळते. भाऊजी गेल्यानंतर तू पहिल्यांदाच स्वतःहून काही मांडलंस, ती उबवणीची पेटी आणलीस, चाळीस अंडी ठेवलीस आणि जाताना किल्ली माझ्या हातात दिलीस. (भावजयीच्या हातात द्यायला हवी होतीस, हे तिनं मला कालपासून बऱ्याचदा सांगितलं आहे.) पारा साडेसदतीसवर ठेव, बाकी कशाला हात लावू नकोस, एवढंच तू बजावलं होतंस. त्यातलं पहिलं पाळता यावं म्हणूनच मी दुसरं मोडलं.

झालं असं, की ऊब वाढली की आपोआप वीज तोडणारं ते बटण काल अडकलं. पारा अडतीसच्या वर गेला आणि चढतच राहिला. भावजय म्हणाली, “आपण हातानंच चालू-बंद करत बसू. त्यात काय एवढं?” सरळ सांगितलेलं ऐकलं असतं तर मी बाबांचा मुलगा कसला! बाबांचा नियम तुलाही पाठ आहे: जास्त झालं की निम्मं कर. गोळी कडू लागली, निम्मी. चहा कडक झाला, पूड निम्मी. तुझ्या परकराचं कापड जास्त वाटलं तेव्हा काय झालं, ते आठवून उगाच डोळ्यांत पाणी आणू नकोस. तर मी प्लग काढला, पायात रबरी चपला घातल्या आणि पेटीतली तापणारी तार मधोमध तोडून निम्मीच जोडली. निम्मी तार, निम्मी उष्णता. यात कुणाला काही शंका येईल असं मला तरी वाटलं नाही.

ताई, पारा वेड्यासारखा चढला. एकोणचाळीस. मी झाकण उघडलं आणि वर्तमानपत्रानं वारा घालायला लागलो. चाळीस. अंडी नुसती बसून होती, त्यांना ओरडताही येत नाही. मला वाटलं, आता उरलेल्या तारेचीही निम्मी करावी, आणि कात्री घेऊन वाकलो, तेवढ्यात भावजयीनं प्लग उपटला आणि माझं मनगट धरलं. (अजून दुखतंय.) झाकणावर दोन काटे आहेत ना, ते तिनं प्लग उपटण्याआधीच वाचून ठेवले होते. व्होल्टचा काटा सकाळसारखाच दोनशे तीसवर होता, पण अँपिअरचा काटा अर्ध्यावर असायचा तो एकावर गेला होता.

मग तिनं भिंतीवर पेन्सिलीनं हिशेब मांडला. (भिंत तुझी आहे. पुसतो.) व्होल्टला अँपिअरनं भागलं की तारेचा रोध, आणि दोन्ही गुणले की तिची शक्ती. सकाळी दोनशे तीस भागिले अर्धा, म्हणजे चारशे साठ ओहम. गुणले तर एकशे पंधरा वॉट. आता भागिले एक, दोनशे तीस ओहम. आणि गुणिले एक, दोनशे तीस वॉट. भागलं तरी दोनशे तीस आणि गुणलं तरी दोनशे तीस, तेव्हा ही बाई मला फसवतेय असा संशय मी बोलून दाखवला. ती एवढंच म्हणाली, “अडवणारी तार निम्मी केलीत, म्हणून वीज दुप्पट धावली. उष्णता दुप्पट झाली.” म्हणजे मी अंड्यांना वाचवत नव्हतो, भाजत होतो. कात्री तिच्या हातात दिली.

शेवटी तिनं तोडलेला तुकडा परत जोडला आणि पेटीबरोबर आलेल्या तेवढ्याच जादा तारेतला निम्मा तुकडा त्याला आणखी लावला. (जादा तारही मी आधीच निम्मी करून ठेवली होती. बाबांचा मुलगा.) चारशे साठ आणि दोनशे तीस, एकूण सहाशे नव्वद ओहम. काटा अर्ध्याच्या खाली आला, उष्णता सत्त्याहत्तर वॉटच्या आसपास. तार वाढवली आणि ऊब उतरली, हे डोळ्यांनी पाहूनही मला अजून पटलेलं नाही. पारा जास्तच घसरायला लागला तेव्हा पेटीवर चादर टाकली, आणि तो साडेसदतीसवर टेकला. तेव्हापासून तिथेच आहे. तेव्हा काळजी नसावी. लेकीला सोडून धावत येण्याची काहीही गरज नाही. बाळाला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. पारा तिथेच आहे हे खरं, पण अंडी जिवंत आहेत का, ते मी पाहिलेलं नाही. अंड्यामागे विजेरी धरून आतली हालचाल बघायचं तू शिकवलं होतंस. विजेरी उशाशी आहे, धीर होत नाही. लेकीच्या सासूबाई तिथे आहेतच, तर तू येऊन बघशील का? एवढं विचारायलाच पत्र लिहायला बसलो होतो.

ता. क. दुसरा. दुपारच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देण्याआधी भावजयीनं हे पत्र वाचलं, विजेरी उचलली आणि आत गेली. तीन अंडी तिनं बाजूला ठेवली. बाकीच्यांत हालचाल आहे. एकाला बारीक चीर गेली आहे. ताई, मी रडलो. मिळेल त्या गाडीनं ये. तू येईपर्यंत मला खोलीत पाऊल टाकायची बंदी आहे, म्हणून हे दाराबाहेर बसून लिहितोय. चिवचिव इथवर ऐकू येते.