मागचे ब्रेक पॅड आणि फिद्दा आत्या

आदरणीय जुहेर मामा,

तुमच्या हातांचं आणि कपाळाचं चुंबन. तिकडे अकब्याला समुद्राकाठी उकाडा कितपत आहे, मामींचा गुडघा काय म्हणतो, आणि डॉक्टरांना थापा मारून तुम्ही अजून गॅलरीत सिगारेट ओढता का, हे सगळं मनापासून विचारतो. इकडे सॉल्ट गावात आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे हातीपायी धड आहोत. मी फारसा बाहेर पडत नाही, आणि पडलोच तर मागच्या पायऱ्यांनी, भिंतीकडे तोंड करून. झालेली गोष्ट आईने तुम्हाला फोनवर सांगितलीच असेल (तिच्या सांगण्यात आत्तापर्यंत मशिदीची भिंतही पडली असेल), म्हणून खरं काय ते मीच लिहितो.

माझ्या गाडीचे मागचे ब्रेक पॅड झिजले होते. तुम्ही सांगितलं होतं, "मागे साधे घाल, बाळा. थांबवायचं मोठं काम पुढचे करतात, मागच्यांनी गुमान सोबत यायचं." मी हो म्हटलं होतं. मग अम्मानला अबू लैसच्या दुकानात गेलो. त्यांनी समोर तीन डबे ठेवले, साधे, जरा कडक आणि शर्यतीचे, आणि विचारलं, "गाडी चालवतोस कुठं?" खरं उत्तर होतं, घरून माझ्या औषधाच्या दुकानात, दुकानातून घरी, आणि शुक्रवारी आत्याला घेऊन भाजीला. पण शेजारी दोन शर्यतवाले उभे होते, अंगात ती रंगीत जाकिटं, आणि ते माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "घाटातल्या शर्यतीत." (गेलोय ना मी शर्यतीला. घडीची खुर्ची घेऊन, बघायला.) अबू लैस म्हणाले, "मग हे घे. पण हे तापल्याशिवाय धरत नाहीत हां, थंड असले की नुसते किंचाळतात. आणि तुझ्या गाडीचा हातब्रेकही यांनाच आवळतो, ध्यानात ठेव." हे काय नवीन सांगताय, अशा थाटात मी मान हलवली. मामा, ती मान आठवली की अजून कानशिलं तापतात.

त्याच आठवड्यात आमच्या टेकडीच्या खालच्या अंगाला राहणारे हाजी मुफ्लिह वारले. त्यांच्या धाकट्या भावाशी, अबू राकानशी, आपल्या फिद्दा आत्याचं किती वर्षं बोलणं नव्हतं हे तुम्हाला ठाऊक आहे (गच्चीच्या पाण्यावरून, पाणी कुणाचं हे आता दोघांनाही आठवत नाही). पण मयत झालं म्हटल्यावर आत्या विरघळली. म्हणाली, मी स्वतः जाऊन त्याला सांत्वनाचे शब्द बोलणार. ते शब्द ती भांडी घासताना, वांगी चिरताना, सारखी पुटपुटत होती. तिला न्यायचा मान माझा.

सकाळची थंडी, आपल्या गावचे उतार आणि माझे पॅड. टेकडी उतरताना गाडी जी ओरडायला लागली, ती एखाद्या बकरीला शेपटीला धरून ओढत न्यावं तशी. घराघरांच्या खिडक्या उघडल्या. खाली दुखवट्याच्या तंबूत कुराण पठण करणारे शेख मध्येच थांबले. आत्या म्हणाली, "कोण रडतंय रे एवढं? मुफ्लिहचं एवढं कुणाला होतं?" मी घाईघाईने काचा वर केल्या. तंबूच्या जरा वर गाडी लावली, हातब्रेक ओढला आणि खाली उतरलो, कारण त्या खोलगट सीटमधून आत्याला बाहेर काढणं हे दोघांचं काम आहे. मी मागून वळसा घालतोय तोवर गाडी निघाली.

हळू निघाली, मामा, अगदी अदबीने. मी डिकीवरचा पंख धरला (शर्यतीच्या गाड्यांना असतो तसा, मी हौसेने बसवून घेतलेला), चांगल्या बुटांवर थोडं घसरत गेलो, आणि पंख माझ्या हातात आला. गाडी पुढे गेली. आत आत्या डोळे मिटून आपले शब्द घोकत ताठ बसलेली, चेहरा दुःखी. तिला वाटलं मीच चालवतोय. तंबूतल्या लोकांना वाटलं कुणी मोठं माणूस आलं, ते उठून उभे राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की चालवायला कुणीच नाही. खुर्च्या उडाल्या, कडू कॉफीची किटली उलटली आणि अबू राकान बॉनेटला खांदा लावून उभे राहिले. त्यांची मुलगी नुहा दारातून धावत आली, चाकाखाली दगड सारला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "गिअरमध्ये टाकून उतरायचं एवढंही कळत नाही? मोठा आला शर्यतवाला!" मी पंख घेऊन उभा होतो. तो खाली ठेवावा की नाही हेही सुचेना. आणि तेवढ्यात आत्याने काच खाली केली आणि पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं, "अबू राकान, अल्लाह तुझ्या भावाला जन्नत देवो आणि तुझं ओझं हलकं करो." खांद्यावर अख्खी गाडी पेलत अबू राकान धापा टाकत म्हणाले, "आमीन, फिद्दा. उतर आधी." तेव्हा मयताचा सख्खा मुलगा हसला. डोक्यावरच्या शेमाघ रुमालाचं टोक तोंडावर धरून हसला, पण हसला. मग बरेच हसले. मयताच्या घरी, मामा! जमीन फाटून आत घेईल तर बरं, असं मला वाटलं. आत्या आणि अबू राकान त्यानंतर बराच वेळ शेजारी बसून माझ्याचबद्दल बोलत होते.

तुम्ही रागावणार आहात हे धरूनच चाललोय. मामींना सलाम.

तुमचा भाचा (तुम्ही अजून मानत असाल तर),
मुतासिम

ता. क. : साधे पॅड घातले. अबू लैस एक शब्दही बोलले नाहीत. दोन बोलले असते तर बरं झालं असतं.

आणखी ता. क. : खरं काम लिहायचं राहिलंच. हाजींचा चाळिसावा दिवस झाला की तुम्ही वडीलधाऱ्यांना जमवून, रीतसर जाहा घेऊन अबू राकानकडे जायला हवं. आई समजते की माफी मागायला. तिला तसंच समजू द्या. नुहा बापाच्या खांद्यासाठी मलम न्यायला माझ्या दुकानात आली होती. मलम लगेच मिळालं, पण ती चहा गार होईपर्यंत मला रागावत राहिली. एवढं मनापासून मला आजवर कुणी रागावलं नव्हतं.

शेवटचं : आत्याला सांगितलंय. ती म्हणते, "मागणीचं मी बोलेन, आता अबू राकानशी बोलणं आहे माझं. पण मी चालत येईन."