बंदराबाहेर लावलेलं निशाण

रविवार, १६ नोव्हेंबर. कोक्विटलाम.

मुग्धाच्या शाळेच्या प्रोजेक्टनं आजची संध्याकाळ नासवली. लेकीनं इथल्या जुन्या वसाहत सरकारचे बंदराचे नियम प्रिंट करून आणले होते. परक्या जहाजानं बंदराबाहेर थांबायचं, निशाण लावायचं आणि इथला पायलट, म्हणजे बंदराचा वाटाड्या, येऊन वाट दाखवेपर्यंत आत यायचं नाही.

"बाबा, तू पण असा वेट करायचास?"

करायचो की. याच बंदरात कप्तान म्हणून सात वेळा जहाज आणलंय मी. पायलट शिडीवरून वर यायचा, मी त्याला चहा द्यायचो, तो मला कॅप्टन म्हणायचा. आता या देशात कायमचा राहायला आल्यावर त्याच धक्क्याच्या गेटवर उभा राहून ट्रकचे नंबर लिहितो. कप्तानाच्या इथल्या लायसन्सला इथलाच अनुभव लागतो म्हणे. आणि लायसन्सशिवाय अनुभव देणार कोण? चार वर्षं अर्ज करतोय. उत्तर एकच, "वी विल गेट बॅक टू यू."

मग मुग्धानं पुढचा नियम वाचला. निशाण दिसूनही पायलट जहाजाकडे गेला नाही, तर शिक्षा पायलटला. मी कागद तिच्या हातातून हिसकावलाच. दोनदा वाचला. म्हणजे त्या गोऱ्या सरकारलासुद्धा कळत होतं, की निशाण लावून उभ्या असलेल्याला ताटकळत ठेवणं हा गुन्हा आहे!

"इट्स जस्ट अ प्रोजेक्ट, बाबा," मुग्धा घाबरून म्हणाली.

तिला सॉरी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

माझं निशाण चार वर्षं वर आहे. आणि उद्या सकाळी सहाला गेट मीच उघडायचंय, दुसऱ्यांना आत घ्यायला.