नातीची भाषा

बाई,

आज पेट्या राहुरीच्या अलीकडं एका डाळिंबाच्या बागेत ठेवल्यात. मधमाश्या फुलांवर गेल्या की आम्हाला फारसं काम उरत नाही. शेजारच्या रानात कुणी औषध फवारत नाही ना, एवढंच बघायचं. म्हणून सावलीला बसून तुमचं फ्रेंचचं पुस्तक काढलं. एक माशी येऊन पानावर बसली, तिच्याकडंच बघत बसलो बराच वेळ. तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली आणि मी अजून चौथ्या धड्यावरच आहे.

पुस्तक इंग्रजी येणाऱ्यांसाठी लिहिलेलं. संगमनेरला शाळेत तुम्ही जन्मभर इंग्रजीच शिकवलं, तेव्हा तुम्हाला ते सोपं. मी तुमचाच विद्यार्थी, बारावीला गचकलेला. तुमची मुलगी फ्रान्समध्ये, जावई तिकडचा, आणि चार वर्षांच्या नातीला फ्रेंचशिवाय काही येत नव्हतं. "नातीशी बोलायला मधे माणूस लागतो, हे काय जगणं झालं?" तुम्ही म्हणालात. "बोलणं एकटीला शिकता येत नाही. तू बस समोर. नाहीतरी गावभर हिंडतोसच." मग तुमच्या स्वयंपाकघरात आमची शाळा. फ्रेंचमध्ये टेबल बाई, म्हणजे स्त्रीलिंगी का, हे पटवायला पुस्तकाच्या लेखकानं तीन पानं घातली होती, आणि तुम्ही पोळी लाटता लाटता हसलात. "वस्तूला बाई म्हटलं की या इंग्रजीवाल्यांना घाम फुटतो. आपल्याकडं खुर्ची ती, पाट तो, ताट ते. आपण कधी कुरकुरलो?" तू आणि तुम्ही यांतला फरक सांगायला आणखी दोन पानं. ती तर तुम्ही उलटूनच टाकली. "आजीला तूच म्हणायचं असतं. ती मला तू म्हणेल." डब्यांवर फ्रेंच नावांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. मी विचारलं, "बाई, मिठाच्या डब्यात सेल कशाला घातलाय? बॅटरीचा हाय का?" "मूर्खा, सेल म्हणजे मीठ. आण इकडं, आमटी अळणी झालीय."

रोजची सुरुवात मात्र ठरलेली. फ्रिजवर नातीचा फोटो होता. त्याच्याकडं उलथनं रोखून तुम्ही विचारायचात, "से की?" हे कोण? पुस्तकात जरा वेगळं होतं, पण मुलीनं फोनवर सांगितलं होतं, आई, पोरं असंच बोलतात. मी म्हणायचो, ही माझी नात. तुम्ही म्हणायचात, "तुझी नाही रे, माझी!" मग खिडकीतून दिसणारा दूधवाला, से की? शेवटी उलथनं माझ्याकडं. से की? त्याला मी दर वेळी नवीन काहीतरी म्हणायचो. चोर. राजा. कुणीच नाही.

मग हे मधमाश्यांचे पेट्यावाले भेटले आणि मी न सांगता त्यांच्या टेम्पोत बसून गेलो. आठ दिवस म्हणता म्हणता सव्वा महिना. परत आलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "बाईंना नगरला दवाखान्यात नेलंय. पोटात गाठ निघाली. तुझी लई वाट बघितली त्यांनी." तिथं पोचलो तर कॉटवर तुम्ही होतात, हे मला आधी उशाशी ठेवलेल्या पुस्तकावरून कळलं. केस गेलेले, नाकात नळी. तुम्ही एवढंच म्हणालात, "मी भिंतीला विचारायचे से की. भिंत काय सांगणार?" मी सलाईनच्या बाटलीवरचं लेबल वाचत उभा राहिलो.

रविवारी दुपारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिचे दिवस भरत आलेले, तिला येणं शक्य नव्हतं. फोन मी धरला. तुम्ही आधी हातानं डोक्यावरचा रुमाल नीट केला. नात स्क्रीनवर आली, तुमच्याकडं बघत राहिली. तुम्ही सव्वा महिना एकटीनं घोकलेलं वाक्य सुरू केलं, पण दम पुरला नाही. मग पोरगी आईकडं वळली आणि म्हणाली, "से की, मामाँ?"

फ्रेंच पोरीचं आख्खं वाक्य कानावर पडलं आणि लगेच कळलं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. तिकडं आई काहीतरी पुटपुटली, आणि रेंज गेली. तुम्ही माझ्याकडं बघितलं. "काय म्हणाली रे?" मी म्हणालो, "आजी, तू लवकर बरी हो, असं म्हणाली. तुम्हाला तू म्हणाली, बाई, तुम्ही न्हाई."

तुम्ही डोळे मिटलेत. मग म्हणालात, "मेर्सी." म्हणजे थँक्यू. फोन केव्हाच बंद होऊन माझ्या खिशात गेला होता.

गुरुवारी तुम्ही गेलात. मुलीनं फोनवर मला विचारलं, आईला शेवटी नातीचं बोलणं समजलं का? मी हो म्हणालो. ते तरी खरं होतं.

हा कागद चौथ्या धड्यात ठेवतोय. आणि पुस्तक तुम्ही मला दिलं नव्हतं. तुम्ही झोपलात तेव्हा मी उशाजवळून उचललं होतं, त्याच रविवारी.