मी कापलेले वीस फ्रॉक

१२ मे १९९७, सोमवार
कंपनीला टाळं लागून आज चाळीस दिवस. सायकलनं चिकलठाण्याला जाऊन गेट बघून आलो. नोटीस तीच. शुद्धलेखनाच्या तीन चुका. किळस आली. बावीस वर्षं परचेस डिपार्टमेंट सांभाळलं ते या लोकांसाठी!
घरी वरण पातळ. कालिंदीला विचारलं तर म्हणाली, डाळ तेवढीच आहे, वाढवायचं ते पाणीच वाढवते. बायकोनं असं बोलावं?
संकल्प : आजपासून कुठलंही काम बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायचं नाही. मिस्त्री, शिंपी, न्हावी, सगळे लुटारू. ही काही बुद्धीची कामं नव्हेत. बुद्धिमान माणसाला एका दुपारी येतात.

१३ मे
स्वतःचे केस स्वतः कापले. मागचं आरशात दिसत नाही, हा आरशाचा दोष. लेक उमा मला बघून न्हाणीत पळाली आणि दहा मिनिटं बाहेर आली नाही. यंदा दहावीला आहे, पण पोच नाही.

१५ मे, सकाळी ७
मोरीतला नळ गळतोय. साधा वायसर बदलायचा. उघडायला घेतो.

सकाळी ९.३०
उघडला. टाकीचं पाणी बंद करायचा कॉक कुठं आहे, हे घर बांधणाऱ्या गाढवानं कुठंही लिहून ठेवलेलं नाही. टाकी रिकामी. पाणी आता परवा येणार. कालिंदी मोरीच्या दारात उभी होती. काही बोलली नाही. तिची ही न बोलण्याची पद्धत मला बिलकुल पसंत नाही.

दुपारी
कालिंदीनं मागच्या गल्लीतल्या भागूबाईला बोलावलं. हर्सूलची. नवरा नळाची कामं करायचा, त्याची पाठ धरल्यापासून हीच पान्यांची पिशवी घेऊन फिरते. तोंडात तंबाखू. नळ हातात घेऊन म्हणाली, साहेब, आटे पार खाऊन टाकले की तुम्ही! मी म्हणालो, आटेच हलके होते. म्हणाली, व्हय, लई हलके. पाच मिनिटांत नवा नळ बसवला. वर स्वतःच्या घरून दोन हंडे पाणी आणून ठेवलं. पैसे नाय पाहिजेत, म्हणाली कालिंदीला, एक झंपर शिवून द्या.
न मागता उपकार करणाऱ्या लोकांचा मला तिटकारा आहे.

२४ मे
झंपर भागूबाईला चांगला बसला. तिनं तो बालवाडीच्या बाईंना दाखवला, आणि त्यांनी कालिंदीला वीस फ्रॉकचं काम दिलं. कापड त्यांचं. घरात गुलाबी ढीग पडलाय. शिलाईत उमाची क्लासची फी निघेल म्हणे. आता दिवसभर मशीनची खडखड होणार. पेपर वाचता येणार नाही.

२७ मे
कालिंदीनं आज खडूनं वीस फ्रॉक आखले, आणि प्रत्येक तुकड्याला कडेनं इंचभर कापड जास्त सोडलं. विचारलं, तर म्हणाली, शिलाईचं मार्जिन. म्हणजे जे आत दडपून टाकायचं, कुणाला दिसायचंही नाही, असं कापड! वीस फ्रॉक म्हणजे किती नासाडी! माझ्या डिपार्टमेंटला असती तर मेमो दिला असता. उद्या ती भावजयीला बघायला जालन्याला जातेय. तेवढ्यात काम उरकून तिला चकित करतो.

२८ मे, दुपारी ४
वीसच्या वीस कापले. थप्पी लावून, अगदी मापाबरहुकूम. सव्वा मीटर कापड वाचलं! त्याचे लगेच माझ्यासाठी रुमाल कापून टाकले.

संध्याकाळी ७
कालिंदी आली. एक तुकडा उचलला, दुसरा उचलला, मग फरशीवरच बसली. म्हणाली, शिवल्यावर हे पोरींच्या अंगात शिरणारसुद्धा नाहीत. कापड लोकांचं आहे, आणायचं कुठून? आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी समजावलं की बाईंनी दिलेली मापंच चुकली असतील. तेव्हा उमा म्हणाली, बाबा, तुम्ही थोडा वेळ बाहेर जा.
स्वतःच्या घरातून! गेलो. चौकात तासभर उभा होतो. ओळखीचं कुणी भेटलं नाही, हे एक बरं झालं.

२९ मे
सकाळी भागूबाई आली. तुकडे बघून म्हणाली, ह्ये कोणी केलं? कालिंदी गप्प, उमा गप्प. मीही कशाला बोलू?
मग तिनंच सुचवलं, दोन्ही बाजूंनी दुसऱ्या कापडाची पट्टी जोडा की. पण दुसरं कापड घरात नाही. (रुमाल फारच लहान.) शेवटी कालिंदीनं कपाटातून निळी साडी काढली. भाऊबीजेला भावानं दिलेली, एकदाच नेसलेली. कात्री लावण्याआधी तिनं माझ्याकडे बघितलं. मी अडवलं नाही. बायकांच्या निर्णयात मी ढवळाढवळ करत नाही.
जेवण गेलं नाही. भाकरी जाड होती.

९ जून
निळ्या पट्ट्यांचे गुलाबी फ्रॉक बालवाडीच्या बाईंना इतके आवडले की आणखी चाळीस सांगितले. भागूबाईही आता दुपारी मशीन शिकायला येते. कालिंदीला म्हणालो, बघितलंस, मूळ डिझाइन कुणाचं? तिनं कात्री कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.
कृतघ्नपणाला काही हद्द?

१२ जून, गुरुवार
कंपनीचं रजिस्टर पत्र आलं. कायमची बंद. 'श्री. मधुसूदन' असं नाव मात्र बरोबर टाइप केलंय. मी पत्र टेबलावर ठेवून दिलं. कालिंदीनं येऊन वाचलं, घडी घातली. चहा केला. हल्ली अर्धाच मिळतो, आज पूर्ण कप मला दिला.
चहा झाल्यावर म्हणालो, उद्यापासून मी बटणं लावायला बसतो. म्हणाली, आधी उसवायला शिका. भागूबाईनं एका फ्रॉकला बाह्या उलट्या लावल्या होत्या, तो आणि एक ब्लेड माझ्यापुढं ठेवलं. भागूबाईनं शेजारी सतरंजीवर सरकून जागा करून दिली.
दोन ते पाच उसवत होतो. एक बाही सुटली. कालिंदीला दाखवली. एका ठिकाणी ब्लेड कापडात गेलं होतं, ते अंगठ्याखाली धरलं होतं. तिनं माझा अंगठा बाजूला केला. बघितलं.
म्हणाली, उद्या दुसरी करा. हळू.