मागच्या खोलीचा पंखा

सोलापूर

चि. ईरप्पास,

तुझ्या भावजीचे शरणु शरणार्थी. मंगळवेढ्यात सगळे खुशाल असतील. तुझा गुडघा काय म्हणतो? मी उत्तम आहे. (पुण्याहून आमच्या उत्कर्षाचा फोन आला तर लेकीला हेच सांग.)

तुझ्या अक्कानं मागच्या खोलीत अळिंबीच्या पिशव्या टांगल्या होत्या. गव्हाचं काड उकळून भरायला तूच तर यायचास. दवाखान्यात शेवटी ती माझ्याशी नीट बोलली ते एकच वाक्य, "मागची खोली तापू देऊ नका." एवढ्या वर्षांच्या संसारानंतर माणसाला वाटतं, आणखी काहीतरी निघेल. (मी बराच वेळ कान लावून बसलो होतो.) पण मल्लव्वा ती मल्लव्वाच.

तिचे दिवस झाले, पाहुणे पांगले आणि सोलापूरचा उन्हाळा सुरू झाला. खोली पत्र्याची. मी न्हाणीघरात लावतात तसला, हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा आणून भिंतीत बसवला. त्याच्यापुढे हात धरला की कुणी चहा फुंकतंय असं वाटायचं. पिशव्यांवरचे मशरूमचे पांढरे कोंब पिवळे पडायला लागले. मग मी चिडलो आणि बंद पडलेल्या एका यंत्रमागाच्या शेडमधला, परातीएवढ्या पात्यांचा पंखा उचलून आणला. वायरमन जोतिराम तो बघून म्हणाला, "काका, खोली थंड करायची हाय का इमान उडवायचंय?" मी म्हटलं, तू बसव.

भर दुपारी बटण दाबलं. हवा आत यायला झरोका ठेवायचा असतो हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. पंख्यानं बाहेर उघडणारं दार असं ओढून धरलं, की मी आतून खांदा लावूनही ते हलेना. फटीतून शेजारच्या रुक्मिणीबाईंच्या मिरच्यांचा ठसका तेवढा आत आला. मी शिंकतोय, पिशव्या झोपाळ्यासारख्या झुलतायत, आणि बाहेरून रुक्मिणीबाई ओरडतायत, "अवो, रडताय व्हय?" जोतिरामनं मेन स्विच पाडला तेव्हा सुटलो. (शिंकत होतो असंच मी त्यांना सांगितलं.)

चार दिवसांत पिशव्यांचे पापड झाले. तेव्हा उत्कर्षानं फोनवर समजावलं, "अप्पा, खोलीची लांबी, रुंदी, उंची गुणा. तेवढी हवा थोड्या मिनिटांत बदलेल इतकाच पंखा घ्या. आणि पंखा हवा नुसती बदलतो, गार करत नाही. बाहेर भट्टी असेल तर आतही भट्टीच येणार." मग मापाचा मधला पंखा आणला, उत्तरेला खाली झरोका पाडला, त्यावर ओलं गोणपाट लावलं. पहाटे पंखा जोरात, दुपारी अगदी हळू. खोली खरंच निवली रे.

पण उशीर झाला होता. वाळलेल्या पिशव्यांवर ओल लागताच हिरवी बुरशी चढली होती. एकेक सोडून मी परसात पुरली. शेवटची सोडताना मल्लव्वानं मारलेली गाठ सुटेना. कात्री आणली, पण कापवलं नाही. तशीच पुरली.

आता खोली रिकामी आहे आणि साऱ्या घरात तीच गार आहे. पंखा रोज लावतो. का, ते विचारू नकोस.

सर्वांना आशीर्वाद.

तुझा,
महादेवप्पा

ता. क. माझी काळजी करू नये. जेवण वेळेवर होतं. उन्हात एसटीनं इकडे यायची अजिबात गरज नाही.

ता. क. २. मात्र नव्या पिशव्या भरायच्या तर काड किती उकळायचं ते मला ठाऊक नाही. तुला अक्कानं शिकवलंय. तेवढ्यापुरता आलास तर बरं.

ता. क. ३. काड उकळायला मी मोबाईलवर बघून कालच शिकलो. तरी ये.