गॅलरीतली रबरवेल

प्रिय रूपेश,

परवा जासईला येऊन गेले. घरात पाऊल टाकलं नाही, मागच्या रस्त्यावरूनच बघितलं. कंटेनर यार्डाची अख्खी भिंत रबरवेलीनं गिळलीय. पलीकडच्या पडीक शेतातही ती घुसलीय. शेंगा तडकून म्हातारीसारखं बी उडत होतं. फुलं मात्र अजून तशीच देखणी.

हीच वेल माझ्या कळंबोलीच्या गॅलरीत, कुंडीत शहाण्यासारखी राहायची. यार्डाची भिंत आईच्या डोळ्यांत खुपते म्हणून तू फांद्या मागितल्यास. मी पेपरात गुंडाळून दिल्या आणि दोनदा बजावलं, नर्सरीवाला सांगत होता, हिचा चीक विषारी आहे, आईच्या शेळ्यांना तोंड लावू देऊ नका. तू हसलास. म्हणालास, "ताई, टेन्शन नको घेऊ, मी सांगतो आईला."

सांगितलं नाहीस. आईची चांदी शेळी गाभण होती. चांगला हिरवागार पाला दिसतोय म्हणून आईनं स्वतःच्या हातानं तिला घातला, आणि संध्याकाळी ती दारातच कोसळली. मी धावत आले, तर आई अख्ख्या आळीसमोर म्हणाली, "माझे पोरीनीच ईख दिलान." तू तिच्या शेजारी उभा होतास. मी तुझ्याकडे बघत राहिले, तू चपलेनं माती उकरत होतास. वाटलं, आज घाबरलाय, उद्या बोलेल. लहानपणी तुझ्या खोड्यांसाठी मी कितीदा मार खाल्ला, त्याचं कधी काही वाटलं नाही. पण हा मार संपतच नाही रे. दोन वर्षं झाली, आई माझा फोन उचलत नाही. तुझा संताप येतो, आणि तरी तुझ्यावरचा जीव जात नाही, याचा जास्त येतो.

गेल्या आठवड्यात तुझी लग्नपत्रिका आली. आत चिठ्ठी होती, करवली तूच, झालं गेलं विसर. त्या भरात मी परवा निघालेही होते. पण परसात आई दिसली आणि पाय पुढे जाईना. चारचौघांत नको, चुलीपाशी बसून तिला एवढंच सांग, की ताईनं मला बजावलं होतं. मग तिनं स्वतः बोलावलं तर येईन. नाहीतर तुझ्यामागे उभी राहायला दुसरी बहीण शोध. हळद शनिवारी आहे. तोवर मी फोन हातातून खाली ठेवणार नाही.

अजूनही तुझीच,
भाविकाताई